मामांचा ‘जी’

मामा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. हे मी कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे. तुम्हाला ते आवडलं नसतं. कागदावर ठेवलं की माणूस मनातून काढून टाकतो, असं तुम्ही म्हणायचात आणि मी हसायचो. आता हसू येत नाही. मी तुम्हाला एक गोष्ट खोटी सांगितली होती. ती दुरुस्त करायला मला चार महिने मिळाले, आणि ते मी एका शब्दाचं मूळ शोधण्यात घालवले. शब्दही तुमचाच होता.

एकदम तिथं जायला मला जमत नाही. थोडं आजूबाजूनं येतो.

दुपारी जेवणं झाली आणि घर गप्प झालं की तुम्ही जास्त आठवता. तुमच्या मागच्या खोलीचं दार अजून उघडंच असतं. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडतो आणि हळूहळू भिंतीकडे सरकतो. मी त्याच्याकडे बघत पडून राहतो. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी तुणतुण्याची खुंटी पिळल्यासारखा आवाज येतो, आणि मग मी लहान होतो. मल्लेश्वरमच्या कुठल्यातरी लग्नघरून आपण चालत परत येतो आहोत. आप्पा पुढे, तुम्ही मागे, मी तुमच्या बोटाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं धुक्यात अर्धीच उभी आहेत, त्यांचे शेंडे अजून झालेलेच नाहीत असं वाटतं. दूधवाल्याची सायकल आपल्यातून आरपार निघून गेल्यासारखी जाते. आप्पा पुढून काहीतरी बोलतात, मला शब्द कळत नाहीत. तुम्हाला कळतात. तुम्ही म्हणता, “जी.” तेवढ्यानं मला जाग येते आणि उन्हाचा चौकोन भिंतीवर चढलेला असतो.

कॉलेजात पहिल्या वर्षी एका मुलानं विचारलं होतं, तुझे मामा काय करतात? मी म्हटलं, चिकपेटेत दोराच्या दुकानात बसतात. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही, ते इथं लिहितो. आमचं घर गोंधळ्यांचं. लग्न झालं, नवस फेडायचा असला, की बेंगळुरातली जुनी मराठी घरं आम्हाला बोलावतात. आप्पा, माझे वडील, नाईक, म्हणजे पुढे उभं राहून गोंधळ घालणारे. ते दिवटी पेटवतात, देवीला आणि गावोगावच्या देवांना नावानं हाक मारून बोलावतात, आणि मग कथा सांगतात. मामा त्यांच्या मागे तुणतुणं घेऊन उभे राहतात आणि ‘जी’ म्हणतात. आप्पांचं एक वाक्य, मामांचा एक जी. घराण्यात शाळेपुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या मामांचं काम एक अक्षर म्हणण्याचं आहे, हे सांगायला मला तेव्हा लाज वाटली होती.

या गावात होकाराला शब्दांची कमी नाही. दुकानात, बसमध्ये ‘सरी’. कॉलेजात हजेरीला ‘येस सर’. घरात आई ‘होय’ म्हणते, आणि पुण्याहून बदलून आलेल्या इंजिनियरांच्या बायका ‘हो’ म्हणतात, तो ‘हो’ मला नेहमी इस्त्री केल्यासारखा वाटतो. जी मात्र फक्त तुमचा. आप्पांनी पाणी मागितलं तरी जी, दुकानाच्या मालकांनी हिशेब विचारला तरी जी. गल्लीतली पोरं तुम्हाला जीमामा म्हणायची. मल्हारी हे तुमचं नाव कित्येकांना पालिकेच्या माणसानं घरातल्या माणसांची यादी विचारली तेव्हा कळलं.

मला वाटायचं, हा वाकणाऱ्या माणसाचा शब्द आहे. नोकरानं मालकापुढे म्हणायचा. तसं मी एकदा तुम्हाला म्हणालोही, पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना, अंगात नवी शिकलेली हुशारी होती तेव्हा. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “पुढच्या गोंधळाला माझ्याकडं बघ. दाजींकडं बघू नको.”

दाजी म्हणजे आप्पा, तुमच्या बहिणीचे यजमान. आजवर सगळे त्यांच्याकडेच बघत होते, मीही. त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्याकडे बघितलं आणि मला जरा भीतीच वाटली. आप्पांचा दम कमी पडतोय असं दिसलं की तुमचा जी लांबायचा, आणि त्या लांबीत ते श्वास घेऊन पुढे निघायचे. कथा पसरायला लागली की तुमचा जी आखूड, जवळजवळ तोडलेला. ऐकणाऱ्यांमध्ये कोणी बाई रडायला लागली, तर जी इतका हळू की आप्पा आपोआप आवाज उतरवायचे. गाडी आप्पा ओढत होते, पण कासरा तुमच्या हातात होता आणि तो कोणाला दिसत नव्हता.

आणि एकदा तर तुम्ही तो म्हटलाच नाहीत. चिकपेटेतल्या कापडवाल्याच्या घरचं लग्न. गोंधळ संपताना नाईक मोठ्यानं विचारतात, “गोंधळ पुरा झाला?” मागच्यानं जी म्हटल्याशिवाय दिवटी दुधात शांत करायची नाही, अशी आपली रीत. त्या दिवशी नवरा-नवरीला सकाळची गाडी गाठायची होती. घरधनी सारखा घड्याळ दाखवत होता, आणि आप्पांनी बोलवायच्या देवांतले निम्मे गाळले. विचारलं, पुरा झाला? तुम्ही गप्प. आप्पांनी पुन्हा विचारलं. तुम्ही तुणतुण्याच्या तारेकडे बघत उभे. आप्पा मान वळवून पुटपुटले, “मल्हारी, म्हण की रे.” तुम्ही म्हटला नाहीत. शेवटी आप्पांना मागे जाऊन राहिलेले सगळे देव बोलवावे लागले. नवरा-नवरी दुपारच्या गाडीनं गेले. आप्पा आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. हवं असेल ते आईला सांगायचे आणि आई तुम्हाला सांगायची, एकाच खोलीत. त्या आठ दिवसांत मी तुमच्याकडून आणखी काही शिकलो असं नाही. पण वाकणाऱ्या माणसाचा शब्द, असं पुन्हा म्हणालो नाही.

माझ्या कॉलेजचंही तसंच झालं. आप्पांनी घरात विचारलं, ह्याला पुढं घालू का? आई लगेच होय म्हणाली. काका म्हणाले, कशाला. तुम्ही दोन दिवस काहीच बोलला नाहीत आणि मी ते दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दोराच्या दुकानातून आलात, पाय धुतलेत आणि आप्पांना म्हणालात, “जी.” फी किती, कोण शिकवील, दुकानातल्या माणसांकडून सगळं विचारून आला होतात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणालो नाही. घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही.

आता शारदक्कांच्या घरचं सांगतो.

तुमची आणखी एक रीत होती, ती आप्पांचीही नव्हती, तुमचीच. गोंधळाच्या चार-सहा दिवस आधी तुम्ही त्या घरी दुपारी जायचात, मागच्या दारानं. बायका कामं उरकून बसलेल्या असायच्या. घरातली गेलेली माणसं कोण कोण, ते तुम्ही त्यांना विचारायचात. देव झाले की शेवटी ह्या माणसांनाही नावानं बोलवायचं असतं; लग्न त्यांनीही बघावं म्हणून. पुरुष आजोबा-पणजोबा सांगतात. बायकांना विचारल्याशिवाय बाकीची नावं निघत नाहीत, असं तुम्ही म्हणायचात. प्रत्येक नावाला तुम्ही दुकानातल्या सुतळीवर एक गाठ मारायचात. गोंधळाच्या शेवटी तुणतुणं खाली ठेवून ती सुतळी हातात घ्यायची, अंगठा गाठीवर ठेवायचा, नाव आप्पांच्या कानात सांगायचं, आप्पांनी मोठ्यानं हाक मारायची, मग पुढची गाठ. अंगठ्याखाली गाठ उरली असेल तर जी नाही.

या वर्षी माघात शारदक्कांच्या मुलाचं लग्न होतं. मल्लेश्वरमला त्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचं शिवणाचं दुकान. तुम्ही नावं घेऊन आलात आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला ताप भरला. खोकला आधीपासून होताच. आप्पा म्हणाले, ह्या वेळी पोरगा उभा राहील, कॉलेजात एवढं पाठ करतो, अकरा नावं काय. तुम्ही पांघरुणातून हात बाहेर काढून मला सुतळी दिलीत आणि एकेक गाठ माझ्या बोटाला लावून नाव सांगितलंत. शेवटची गाठ जाड होती, दोनदा मारलेली.

“ही नीट ठेव,” तुम्ही म्हणालात. “इंदू. शारदक्काची पहिली मुलगी. तीन वर्षांची होऊन गेली. त्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. शारदक्कानं मला हळूच सांगितलंय.”

मी तुमच्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं. मग माझ्या खोलीत जाऊन वहीत लिहून ठेवलं, अकरा नावं, आकडे घालून. लिहिलं आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं काय होतं ते आता कळतं.

गोंधळ चांगला झाला, मामा. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. माझा जी पहिल्यांदा घोगरा आला, मग जमला. उजाडत आलं होतं, खिडकीचे गज दिसायला लागले होते, दिवटीचा उजेड पिवळा पडून पातळ झाला होता. सगळे थकून एखाद्या पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते. नावांची वेळ आली. नवऱ्या मुलाचे काका शेजारच्याला सांगत होते, हा मुलगा बी.ए. करतोय, बघा, आणि तरी घरची विद्या सोडली नाही. मला ते ऐकू आलं. मी सुतळी हातात घेतली. दहा गाठी गेल्या. अंगठा जाड गाठीवर आला आणि माझ्याकडे नाव नव्हतं.

मला सगळं आठवत होतं. तीन वर्षं आठवत होती, मागचं दार आठवत होतं, तुमचा पांघरुणातून आलेला हात आठवत होता. वहीचं पान आठवत होतं, त्यावर नाव कुठे आहे तेही, खाली, डाव्या बाजूला. फक्त नाव नव्हतं. आप्पांनी कान माझ्याकडे केला होता. शारदक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात दुधाचं भांडं, माझ्यापासून दहा पावलांवर. जाऊन विचारायचं होतं. अक्का, विसरलो, नाव सांगा. एवढंच. मी आप्पांना म्हटलं, “झाली.” आप्पांनी सरळ होऊन मोठ्यानं विचारलं, “गोंधळ पुरा झाला?”

मी जी म्हटला.

दिवटी दुधात गेली. धूर झाला. धूर विरला तेव्हा दारात कोणी नव्हतं.

घरी आलो तेव्हा तुम्ही उठून बसला होतात. “सगळी नावं झाली?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, “होय.” तुम्ही माझ्याकडे जरा बघितलंत आणि हसत म्हणालात, “होय काय रे पंडिता. जी म्हण की.”

तिथंच सांगता आलं असतं. पण मी म्हणालो, मामा, ह्या जीचं मूळ काय असेल हो? उद्या सरांना विचारतो. आणि खरंच विचारलं. लपायला जागा हवी होती, ती मला शब्दकोशात मिळाली.

आमचे संस्कृतचे सर धारवाडकडचे. घरी मराठी, बाहेर कन्नड. त्यांना आनंद झाला. ते म्हणाले, हा फार जुना शब्द आहे. आपल्या जुन्या मराठी गद्यात शिष्य गुरूला उत्तर देताना ‘जी, जी’ असंच म्हणतात. एक मत असं, की मूळ शब्द ‘आर्य’. त्याचा प्राकृतात ‘अज्ज’ झाला, मग ‘अजी’, मग ‘जी’. दुसरं मत, की तो ‘जीव’पासून आला, जीव म्हणजे जग, जगत राहा. निकाल लागलेला नाही. मी ग्रंथालयात बसून दोन्ही मतं उतरवून घेतली. ज्या शब्दाची मला लाज वाटली होती तो शेकडो वर्षांच्या पोथ्यांत बसलेला होता, आणि माझ्या मामाच्या तोंडात. मला अभिमान वाटला. त्या अभिमानाखाली दुसरी गोष्ट दडपायलाही बरी पडली.

मी तुमच्या अंथरुणाशी बसून वाचून दाखवायचो. मला आर्य पसंत होता. तो मोठ्या घरचा वाटायचा. तुम्ही म्हणालात, “आर्य म्हणजे?” मी म्हटलं, थोर माणूस. तुम्ही विचार केलात. “म्हणजे एवढी वर्षं दर वाक्याला मी तुझ्या आप्पाला थोर म्हणत होतो?” आतून आप्पा ओरडले, “मग काय चुकलं?” तुम्हाला हसताना खोकला आला आणि आईनं मला बाहेर काढलं.

दुसरं मत तुम्हाला एकदम पटलं. पटलं म्हणजे, ते तुमचंच असल्यासारखं तुम्ही घेतलंत. बोलणाऱ्याचा दम जातो, तुम्ही म्हणालात. त्याला मागून कोणीतरी सांगायला लागतं, जग बाबा, ऐकतोय मी, चल पुढं. मी म्हटलं, मामा, पुरावा लागतो. शब्दाचा अर्थ आपल्याला आवडला म्हणून खरा होत नाही. तुम्ही म्हणालात, “तुझ्या सरांना विचार, कोणाच्या मागं उभं राहून त्यांनी कधी म्हटलंय का.”

हा वाद आपला अर्धाच राहिला. मी रोज नवीन काहीतरी आणायचो. आधी गुजराती, मग मारवाडी, मग हिंदी. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. कधी वाटायचं झोपलात. मी थांबलो की तुमच्या घशातून अगदी बारीक जी यायचा, आणि मी पुढे वाचायचो. चैत्र गेला, वैशाख गेला. त्या खोलीत दुपारी वेळ कसा वाहायचा ते मला सांगता येत नाही. तुम्ही, मी आणि तो उन्हाचा चौकोन, आणि दोघांच्या मधे एक नाव, जे मला गोंधळाहून परत आल्यावर वही उघडताच सापडलं होतं. माझ्याच अक्षरात. खाली, डाव्या बाजूला.

दोनदा तुम्ही विचारलंत, “शारदक्काकडून कोणी आलं होतं का रे?” मी म्हटलं नाही. मला वाटलं, आजारी माणसाला कोणी यावंसं वाटतं. त्या बाई दरवर्षी तुमच्यासाठी चिरोट्या पाठवायच्या. या वर्षी आल्या नाहीत, एवढं तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्हाला माझी गोष्ट कळली होती का, हे मला माहीत नाही. आता कळणारही नाही. कधी वाटतं कळली होती आणि तुम्ही माझ्या तोंडून यायची वाट बघत होता. कधी वाटतं, तसं समजणं म्हणजे पुन्हा मीच सुटका करून घेणं.

तुम्ही गेलात ती दुपारच होती. मी तुमच्याजवळ होतो. त्या दिवशी काहीच वाचत नव्हतो.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आप्पा ओट्यावर बसले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “आता मागं कोण उभं राहणार?” परवा सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं हात उगारतील. ते बराच वेळ संबळाची दोरी आवळत राहिले, आवळलेली असून. मग म्हणाले, “मी विचारलं, तू जी म्हटलास. मी आणखी काय करणार? मला मागं वळून बघायची सवयच नाही. मल्हारी होता ना.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते मला जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाले, “तिला सांगून ये. मग मागं उभं राहायचं बोलू.”

काल गेलो. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. मी बोळातून मागच्या दाराला गेलो, तुम्ही जायचात तसा. शारदक्का सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. “मल्हारण्णा गेले, कळलं,” त्या म्हणाल्या. “यायला हवं होतं मी.”

मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. वही, सुतळी, जाड गाठ. मामांनी नाव नीट दिलं होतं, मी विसरलो, आणि विसरलो असूनही जी म्हटला. मागून जी म्हणायला कोणी नव्हतं.

त्यांची बोटं तांदळात तशीच थांबली होती. “मला वाटलं, आमच्या ह्यांनी गाळायला सांगितलं,” त्या म्हणाल्या, “आणि मल्हारण्णा सरी म्हणाले. वीस वर्षांत एक गोष्ट मागितली त्यांच्याकडं. आजारी आहेत कळल्यावर चिरोट्या केल्या होत्या. डबा भरला आणि ठेवून दिला. मनात फार बोलले रे मी त्यांना.”

मी म्हटलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, हां, तुझीच. समजूत घातली नाही त्यांनी, आणि मला ते बरं वाटलं. मग म्हणाल्या, “आता घे.”

“आप्पांना घेऊन येतो अक्का. दिवटी, संबळ…”

“ते कशाला? तू विसरलास, तू घे.”

मी उभा राहिलो. नाव घेतलं. फार हळू आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “स्वल्प मोठ्यानं. घरात जाऊ दे.” मी पुन्हा हाक मारली, आप्पा मारतात तशी, नाव लांबवून, लग्नाला ये म्हणून. लग्न होऊन चार महिने उलटून गेले होते. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

शारदक्कांनी डोळे पुसले नाहीत. सूप बाजूला ठेवलं आणि बोलायला लागल्या. मामा, तुम्हाला फक्त नाव मिळालं होतं. बाकीचं मला मिळालं, म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे. इंदू उशिरा चालायला लागली. झोपताना तिला आईच्या कानाची पाळी धरायला लागायची, आणि कुडी टोचते म्हणून शारदक्का रात्री कुड्या काढून ठेवायच्या. दिसेल त्याला ती अण्णा म्हणायची, पाणी भरणाऱ्याला, शेजारच्या शेळीलासुद्धा. कापूस पिंजणारा आला की घाबरून पलंगाखाली जायची, आणि तिला काढायला शारदक्काही पलंगाखाली जायच्या, आणि मग दोघी तिथंच झोपून जायच्या. मी ऐकत होतो. ऊन अंगणातून वर, भिंतीवर, कौलांवर गेलं. घरी जायची वेळ होऊन गेली होती आणि दोघांनाही उठावंसं वाटत नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू झालं नव्हतं. किती वेळापासून कोण जाणे, शारदक्कांचे यजमान आतल्या दाराला टेकून उभे होते, गळ्यात मोजायची टेप, हातात अर्धी शिवलेली बाही. त्यांच्याकडे बघून शारदक्का बोलता बोलता थांबल्या.

“माझा खडू खायची ती,” ते म्हणाले. “कापडावर खुणा करायचा. निळाच लागायचा. पांढरा दिला तर फेकून द्यायची.”